पोटाला जाळी

आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांना एक खोड होती. कोणतीही वस्तू दिसली की आधी ती बोटाच्या पेरानं ठोकून पाहायची. पाण्याचं पिंप, एसटीचा पत्रा, स्टाफरूमचं कपाट, बाजारातलं टरबूज, काही सुटायचं नाही. ठोकायचे, कान तिरपा करून ऐकायचे आणि स्वतःशीच मान हलवायचे. मी क्लार्क म्हणून नांदुऱ्याच्या त्या शाळेत रुजू झालो, त्या दिवशी हेडमास्तरांनी ओळख करून दिली. मी वाकून नमस्कार केला, तर सरांनी माझ्या वाकलेल्या पाठीवरच टकटक केलं. मी दचकून विचारलं, काय झालं सर? तर म्हणाले, "काही नाही बे बाबू. आतमंदी जागा लय हाय."

मी ते कौतुक समजलो. घरी जाऊन आईला सांगितलंसुद्धा, की पहिल्याच दिवशी एका जाणत्या माणसानं आपल्यातली कुवत ओळखली. आई गहू पाखडत होती. ती नुसती हो म्हणाली.

सर कॉम्प्युटरची अंगं करायचे. बाजारात तो काळा उभा डबा मिळतो, ज्याला दुकानदार कॅबिनेट म्हणतात, तो दिसला की सरांचं डोकं सटकायचं. साऱ्या दुनियेची लेकरं आणि साऱ्यांना एकच सदरा, असं त्यांचं म्हणणं. आतल्या यंत्राला ते जीव म्हणत आणि डब्याला आंग. जीव दुकानात भेटते, आंग घडवा लागते, हे वाक्य त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं होतं की मी झोपेतही पूर्ण करून दिलं असतं. हे खूळ कुठून शिरलं तेही उघड होतं. दर भादव्यात गावातल्या कितीतरी घरच्या महालक्ष्म्यांचे मुखवटे रंगवायला सरांकडे यायचे. आमच्याकडे महालक्ष्म्या म्हणजे भादव्यातल्या गौरी, थोरली-धाकटी दोघी बहिणी; प्रत्येकीला वर मुखवटा आणि खाली पत्र्याची पोकळ कोठी. कोठीच्या पोटात गहू-तांदूळ भरायचे, वरून साडी नेसवायची. मुखवट्यांचे डोळे काढता काढता सरांची नजर खालच्या कोठीवर गेली आणि तिथून घसरली ती थेट कॉम्प्युटरवर. कॉम्प्युटर चालतो कसा, याचा मात्र त्यांना पत्ता नव्हता. माऊस हातात घ्यायची वेळ आलीच तर रुमालात धरायचे.

आंग करायला घेण्याआधी सर मालकाची परीक्षा घेत. तू पाय पोटाशी घेऊन झोपतो की सरळ? ताटातलं लोणचं आधी संपवतो की शेवटापर्यंत राखून ठेवतो? पाहुणे उठायला लागले की बसा म्हणतो की चप्पल शोधून देतो? असं काहीबाही विचारायचे आणि मग महिनोन्‌महिने त्या माणसाचं नाव काढायचे नाहीत. एक दिवस एकदम आंग हजर व्हायचं, आणि तो माणूस पाहत राहायचा, कारण ते त्याचंच असायचं.

एका रिटायर कंडक्टरला त्यांनी लाल एसटीचं तोंड करून दिलं. वर दोरी. दोनदा ओढली की कॉम्प्युटर चालू, एकदा ओढली की बंद. तो गडी रडला होता म्हणतात. आमच्या हेडमास्तरांना खडूच्या डब्यालाही कुलूप लावायची सवय. त्यांना सरांनी लोखंडी तिजोरी केली, चालू करायचं बटन कुलपाच्या आत. हेडमास्तरांना ती इतकी आवडली की त्यांनी किल्ली जपून ठेवली, आणि इतकी जपून ठेवली की परीक्षेचे फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी ती कोणालाच सापडेना. शाळेची सगळी माहिती आत, आम्ही सगळे बाहेर. शेवटी मी पहार आणली. पहार हाणताना सर शेजारी उभे राहून मला सांगत होते, जरा हळू मार, त्याले लागते.

कापसाच्या एका व्यापाऱ्याला कापसाची गाठ केली. वरून गोणपाट, लोखंडी पट्ट्या, सगळं हुबेहूब. दुसऱ्या आठवड्यात दुकानात धूर. सरांनी आत खराखुरा कापूस भरला होता. मी कपाळावर हात मारला, तर तेच माझ्यावर उखडले, गाठीत कापूस नाही भरू तर काय कांदे भरू? पण मनाला लावून घेतलं त्यांनी. तेव्हापासून प्रत्येक अंगाला हवा जायला जाळी ठेवू लागले. ही धुराची गोष्ट त्यांनी मला एकट्याला सांगितली होती, कोणाजवळ बोलू नको म्हणून. संध्याकाळपर्यंत स्टेशनावरच्या चहावाल्यानंही त्यांना विचारलं, काय सर, गाठ पेटली म्हणे?

इथे माझ्याबद्दल सांगणं भाग आहे. माझ्या पोटात काही राहत नाही. हे मी नम्रपणानं सांगत नाही, सगळ्या नांदुऱ्याला माहीत आहे. शाळेत कोणाला काही सगळीकडे पोचवायचं असलं की ते माझ्या टेबलाशी येऊन म्हणत, बाबू, कोणाले सांगू नको बरं. नोटीस लावण्याचा खर्च माझ्यामुळे वाचायचा. मी बिघडवायला म्हणून कधी काही बोललो नाही. एखादी गोष्ट कळली की ती ओठांपाशी येऊन उभी राहते आणि पुढचा माणूस दिसला की उतरते, त्याला मी तरी काय करू.

तर अशा मला सरांच्या हातचं आंग हवं होतं. अगदी जीव टांगणीला लागला होता. घरी टायपिंगची कामं घ्यावी, बायोडाटा, अर्ज, लग्नपत्रिका कराव्या म्हणून मी कॉम्प्युटर घ्यायचा ठरवला, तर सर म्हणाले, डब्बा घेऊ नको, डब्बा मी देतो. मी खामगावला जाऊन नुसते आतले भाग घेऊन आलो. दुकानदार विचारत होता, आणि हे ठेवणार कशात? मी म्हटलं, आमचं माप चालू आहे.

माप दोन उन्हाळे चाललं. तोवर माझा कॉम्प्युटर आईच्या जुन्या पोळपाटावर मांडलेला. हिरवी पाटी पोळपाटावर, तारा इकडे तिकडे लोंबतात, आणि उंदीर-पालीपासून वाचवायला वरून टोपलं. सकाळी काम सुरू करायचं म्हणजे कोंबडी सोडल्यासारखं टोपलं उचलायचं. पत्रिका छापायला आलेले लोक आधी ते पाहत, मग माझ्याकडे पाहत, आणि आधी दुसरीकडे भाव विचारून येतो म्हणत. बायकोनं पोळपाटासाठी तोंड सोडलं ते वेगळंच.

मी सरांच्या मागे लागायचो. ते म्हणत, तुह्यं दिसून नाही राह्यलं बाबू. रातच्याले डोळे मिटतो, साऱ्याइचं दिसते, तुह्यं दिसत नाही. मी मनाशी मोठमोठी चित्रं रंगवायचो. सिंहासन नको, तेवढी आपली पायरी नाही, पण एखादा डेरेदार वटवृक्ष असावा. गेला बाजार दीपमाळ तरी. सगळ्यांची कामं करतो आपण, सगळ्यांना उजेड देतो, असं मला माझ्याबद्दल वाटायचं. काउंटरवर बसल्या बसल्या माणसाला आपल्याबद्दल फार चांगलं वाटतं.

त्या वर्षी आमच्या धाकट्या महालक्ष्मीची कोठी गंजून तळाशी फुटली होती. आईनं बाजारातल्या टिनवाल्याला नवीन कोठी सांगून ठेवली होती आणि टिनवाला तिला रोज उद्या सांगत होता. लक्ष्म्या यायच्या दिवशी मी शाळेत. दुपारी हातगाडीवाला गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी आणून घरी ठेवून गेला. आईनं सोडून पाहिलं. पत्र्याचं पोकळ धड, दोन हात, वर मुखवटा बसेल अशी कडी. आईनं हळद-कुंकू लावलं, पोटात गहू-तांदूळ भरले, साडी नेसवली, मुखवटा चढवला. संध्याकाळी मी घरी आलो तर दोघी बहिणी सोन्यासारख्या उभ्या. मी हात जोडले, टिनवाल्याला मनातल्या मनात शाबासकी दिली आणि लाडू वळायला बसलो.

दुसऱ्या दिवशी महालक्ष्म्यांचं जेवण. सर दरवर्षी यायचे, मुखवटे त्यांच्याच हातचे. आरतीला उभे राहिले आणि धाकटीच्या कोपराकडे पाहतच राहिले. आरती संपली तरी त्यांची टाळी चालू. पंगतीत बसले, पण पुरणपोळीवर लक्ष नाही. तेवढ्यात धाकटीच्या साडीखालून गव्हाची बारीक धार लागली. दाणे ओघळत ओघळत थेट सरांच्या ताटापर्यंत आले. आई वाढता वाढता थांबली आणि सहज बोलून गेली, "ह्या कोठीच्या पोटात काही राहत नाही बाई."

सरांना कढीचा असा ठसका लागला की दोघांनी पाठ थोपटली.

हात धुताना त्यांनी मला बाजूला ओढलं आणि पार्सल मिळालं का म्हणून विचारलं. मी म्हटलं, कोणतं पार्सल? त्यांनी हनुवटीनं आतल्या धाकटीकडे खूण केली. मी म्हटलं, सर, ते माझं आंग?

"तुह्यंच."

देवीपुढे उभा असल्यासारखं मला भरून आलं. म्हणजे मी कोठी! देवीचं धड! वटवृक्ष वगैरे काय घेऊन बसलो होतो मी. मी त्यांचे पाय धरायला वाकलो, तर त्यांनी मला मधेच धरलं.

"कोठी नोहोय बे बाबू," ते हळूच म्हणाले. "बुजगावणं व्हय थे."

मग सांगितलं त्यांनी, तिथेच, हातावरचं पाणी निथळत असताना. एका सकाळी ते शेताच्या बांधावरून येत होते, बुजगावणं दिसलं आणि त्यांना मी दिसलो. काउंटरवर हात पसरून बसतो, लोक लांबूनच भितात, जवळ गेलं की कळतं आत काही नाही, मग पाखरंसुद्धा खांद्यावर बसतात. मी म्हटलं, आणि पोटाला जाळी? ते म्हणाले, जाळी हवेसाठी. पण तुले शोभली बरं थे.

मला राग आला असं लिहिलं तर शोभून दिसेल, पण मला रडूच आलं. दोन उन्हाळे वाट पाहून बुजगावणं. आणि आत माझी आई त्याच बुजगावण्यापुढे पदर पसरून घरच्या सगळ्यांसाठी मागणं मागत होती. सरांचाही चेहरा उतरला होता. दारातून ते आईकडे पाहत होते.

"मायले सांगू नको," ते म्हणाले. "मन मोडीन तिचं. येवढं येक पोटात ठेव बाबू. थे राह्यलं तं समजीन का मले पाहता नाही आलं, अन् तुले दुसरं आंग करून देईन. तू म्हणशीन तसं."

मी शब्द दिला. माझ्या तोंडून बाहेर न पडलेली अशी ती पहिलीच गोष्ट असणार होती.

आधी टिनवाल्याकडे धावलो. त्यानं खरी कोठी आणून दिली तर संपलंच. पण त्यानं पत्रादेखील कापला नव्हता. माझा धापा टाकणारा अवतार पाहून तो घाबरला आणि पुढच्या वर्षी नक्की देतो म्हणाला. देऊ नको असं मी त्याला सांगितलं, तर गिऱ्हाइकाला वेड लागलं असं त्याला वाटलं असावं.

ते गुपित सांभाळणं म्हणजे काय होतं ते माझं मला माहीत. पोट खरोखर फुगायचं. बायको ओव्याचं पाणी करून द्यायची. शाळेत कोणी महालक्ष्म्यांचा विषय काढला की मी उठून नळावर जायचो. अगदीच असह्य झालं की सरांच्या घरी जाऊन सरांनाच सांगायचो, सर, ते बुजगावणं आहे बरं का. ते पत्र्याला कथलाचा डाग देता देता म्हणायचे, हाव का? मी म्हणायचो, हो, आणि आईला माहीत नाही. मग जरा मोकळं वाटायचं. दर भादव्यात लक्ष्म्या बसल्या की मी गुपचूप साडीखाली हात घालून जाळीत चिंधी कोंबायचो. गंमत अशी की दुसऱ्या दिवशी ती चिंधी मी कोंबली होती त्यापेक्षा नीट घडी घालून बसलेली असायची. देवीची कृपा, असं मी समजायचो.

सर रिटायर झाले आणि आपल्या गावी, वरवट बकालला राहायला गेले. तिथे काय ते थोरल्या भावाच्या घरी पत्रे ठोकत बसायचे. पण महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी न चुकता फोन. तब्येत नाही, पाऊसपाणी नाही, एकच प्रश्न. हाय का पोटात? मी छाती काढून म्हणायचो, हाय. ते म्हणायचे, शाब्बास, दिसून राह्यलं बाबू, हळूहळू दिसून राह्यलं. मी आणखी वर्षभर पोळपाटावर कळ काढायचो. आता दीपमाळच, असं मनात धरून.

गेल्या भादव्यातली गोष्ट. आई साडी नेसवत होती. आता तिचे गुडघे दुखतात, म्हणून मी निऱ्या धरायला बसलो होतो. आई निऱ्या खोचता खोचता म्हणाली, मास्तरांचा फोन आला तर सांग, एवढं बटन काढून द्या म्हणावं, दरसाल निऱ्या अडकतात.

मी म्हटलं, कोणतं बटन?

"हे बेंबीवरचं. कॉम्पुटरचं." आईनं साडीवरून बोटानं दाखवलं. "काय रे बाबा, कोठीले कोणी बटन लावते काय? पहिल्याच दिवशी समजलं मले."

माझ्या हातातून निऱ्या सुटल्या. आईनं त्या शांतपणे पुन्हा गोळा केल्या. मी कसंबसं विचारलं, की हे मुळात काय आहे तेही तुला माहीत आहे का? ती म्हणाली, बुजगावणं. माझा जन्म वावरात गेला, मला बुजगावणं ओळखू येणार नाही? हात पाहिले की समजते. मी म्हटलं, मग भरलेस कशाला त्याच्यात गहू? तर म्हणाली, वावर राखते ते, घर राखणार नाही का. मास्तरानं एवढ्या मायेनं केलेलं, दारात आलं तेही लक्ष्म्या यायच्या दिवशी, त्याला काय परत पाठवायचं?

आणि इतकी वर्षं बोलली का नाहीस, या माझ्या प्रश्नावर ती जरा हसली. पहिल्या वर्षी हात धुऊन तुम्ही दोघं आत आलात तेव्हा तुमची तोंडं एवढीशी झाली होती, म्हणाली. "म्हटलं, या दोघायले वाटते का मले माहीत नाही. वाटू द्या."

मग आईच्या समोरच सरांना फोन लावला. आता तर सांगायला कोणाची बंदी नव्हती, मी सगळं भडाभडा ओतलं, बटन, निऱ्या, चिंधीच्या घड्या. पलीकडची पत्र्यावरची ठोकठोक थांबली. मग सर म्हणाले,

"मंग येवढे साल तुह्या पोटात काय व्हतं बे?"

मी आपलं विषय बदलावा म्हणून विचारलं, सर, मग माझं दुसरं आंग? मी तर सांगितलं नाही कोणाला. ते म्हणाले, पाठवतो.

दिवाळीच्या आधी वरवटच्या एसटीनं पार्सल आलं. मी स्टँडवरून ते छातीशी धरून आणलं, रस्त्यात भेटेल त्याला सांगत आणलं, की आंग आलं माझं. घरी सगळ्यांना गोळा करून गोणपाट सोडलं. कोठी होती. साधी, सुबक, सरांच्या हातची. बटन नाही, तारा जायला भोक नाही, जाळी तर नाहीच. मी उलटीपालटी करून पाहिली, कॉम्प्युटर आत घालायला कुठे वाटच नव्हती. फोन केला तर सर म्हणाले, थे तुह्यं नोहोय, तुह्या मायचं हाय. येवढ्या वर्षाइत मले फक्त तिचंच आंग दिसलं, अन् तिच्यापाशी कॉम्पुटर नाही, त्याले मी काय करू. मग माझं? तर म्हणाले, तुह्यं तं पह्यलंच बराबर व्हतं बाबू.

आईनं ती कोठी पेरानं ठोकून पाहिली. कुठून शिकली कोण जाणे. जरा कान दिला आणि थोरलीसाठी म्हणून आत नेऊन ठेवली.

यंदा दोघी शेजारीशेजारी उभ्या होत्या. थोरली आईच्या अंगावर, धाकटी माझ्या. साड्या नेसवल्या, दागिने घातले की कोणती कोणाची ते पाहुण्यांना काही ओळखू येत नाही, सगळे दोघींनाही सारखाच नमस्कार करतात. फक्त जेवणाच्या दिवशी सकाळी धाकटीच्या पायाशी चार दाणे सांडलेले असतात. कोणी उठायच्या आत ते मी वेचून घेतो.